आयर्विनला किती?

सांगलीबाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळायचा नाही. पावसाळ्यात आमच्याकडं 'जेवलास का'च्या आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. ज्यांचे पाढे कच्चे राहिले त्यांनाही हे दोन आकडे पाठ.

परवा नऊ वर्षांनी पुलावर गेलो. मधे येणं व्हायचं, पण कधी लग्न, कधी दवाखाना, आणि लगेच रात्रीची बस. पूल संस्थानच्या काळातला, 1929 चा. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्घाटनाला आले म्हणून हे नाव. (आयर्विन हे माणसाचं नाव आहे, हे आमच्या आजीला शेवटपर्यंत पटलं नाही.)

लहानपणी आप्पा स्कूटरवर पुढं उभं करून पाणी बघायला न्यायचे. निम्मी सांगली कठड्याला रेललेली. छत्र्या, भाजलेली कणसं, खाली लाल गढूळ पाणी. पट्टीची पोहणारी पोरं कठड्यावरनं उड्या टाकायची. पोलिसाची शिट्टी वाजेतोवर पोरगं पार पुढं गेलेलं. आप्पा पाण्याकडं टक लावून म्हणायचे, "कोयनेतनं सोडलंय. उद्या सूर्यवंशी प्लॉटात शिरतंय बघ."

2019 च्या ऑगस्टमधे मी बंगळूरला होतो. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, त्यामुळं निघून उपयोग नव्हता. आई-आप्पा गावभागातल्या घरात, माडीवर. आप्पा फोनवर बाकी काही बोलायचेच नाहीत, नुसता आकडा सांगायचे. 53. 55. पाणी 57 च्या वर गेलं त्या दिवशी त्यांचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला. ते दीड दिवस मी काय केलं, आठवत नाही.

आता मे महिना. घाटावर उतरून पुलाकडं बघितलं तर नदी कुठंतरी खाली, हिरवट, अंग चोरून पडलेली. शेजारी नवा पूल झालाय. जुन्यावर उभं राहून पोरं सेल्फी काढत होती. काढू देत, आमच्या वेळी फोन असते तर आम्हीही काढले असते.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला. परतताना एका मित्रानं प्लॉट दाखवला. 'मोक्याचा आहे, घे.' भराव टाकून उंच केलेला, खालचा ओढा बुजवलेला. म्हटलं, 2019 ला इथं किती होतं? तो हसला. "तसलं पाणी रोज येतंय व्हय?" 2021 ला परत आलं की रे बाबा! धरणातनं पाणी सोडायच्या वेळा, खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा फुगवटा, यावर भांडू या, भांडायलाच पाहिजे. पण 45 ला सामान माडीवर न्यायचं हे ज्या गावाला तोंडपाठ, त्या गावाला पूररेषेच्या आत प्लॉट पाडू नये एवढं कळत नाही, असं मी मानायला तयार नाही. कळतं. विकायचा असतो.

मित्र नाराज झालाय. हे वाचून आणखी होईल.

घरी आलो तर आप्पा पेपर वाचत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "किती होतं?"

"आप्पा, मे महिना आहे ओ."

"ते ठावं आहे. किती होतं?"