हवाई दल उतरवलं असतं तर? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. १९६२च्या भारत-चीन युद्धावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की जर-तरचा इतिहास म्हणजे 'आत्याबाईला मिशा असत्या तर' असला प्रकार. आणि लगेच पुढच्या ओळीत: हवाई दल वापरलं असतं तर चिनी आठवड्यात पळाले असते, त्यावर शंका घेणं हा जवानांचा अपमान आहे. म्हणजे मिशा तुम्हीही लावल्यातच की! माझी त्याला हरकत नाही. त्या कुठल्या तारखेला आणि कुठल्या खोऱ्यात लावायच्या, एवढंच मी विचारतोय.

हवाई दल हातावर हात ठेवून बसलं होतं, हे मुळात खरं नाही. डाकोटा आणि पॅकेट ही मालवाहू विमानं आजच्या अरुणाचलमधल्या त्सांगधरला रसद टाकत होती. त्या रसदेतली बरीच दरीत गेली, ती गोष्ट वेगळी. एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ रणगाडे थेट लडाखमधल्या चुशूलला उतरवले. कॅनबेरा विमानांनी टेहळणी केली. झाला नाही तो हवाई हल्ला.

आता २० ऑक्टोबरची, चिनी हल्ला सुरू झाला ती पहाट घ्या. सीमेवरच्या नामका चू नदीचं खोरं अरुंद, भोवती दाट जंगल, समोर थागलाची डोंगररांग. ब्रिगेडियर दळवींची ७वी ब्रिगेड नदीकाठी विरळ पसरलेली, आणि शत्रू काही ठिकाणी हाकेच्या अंतरावर. वरून वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला आपला कोण आणि त्यांचा कोण हे सांगायला जमिनीवर प्रशिक्षित माणूस लागतो, त्याच्याकडे चालू रेडिओ लागतो. तिथे तर ब्रिगेडचा स्वतःच्या पलटणींशीच संपर्क तुटला होता. काही तासांत सगळं आटोपलं. २२ तारखेला दळवी कैद झाले.

तवांगच्या मागच्या सेला खिंडीच्या बाबतीत तुमचं म्हणणं जास्त वजनदार आहे. तवांग पडल्यावर जवळजवळ तीन आठवडे लढाई थंडावली आणि तेवढ्यात चिन्यांनी सीमेवरच्या बुमला खिंडीतून तवांगपर्यंत रस्ता आणला. रस्ता आणि साठे विमानाला दिसतात. पण सेला समोरच्या हल्ल्याने पडलं नाही. चिनी तुकड्या ब्रिटिश अधिकारी बेलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पायवाटेने वळसा घालून सेलाच्या मागे थेंबांगला उतरल्या, त्यांनी दिरांग-बोमडिला रस्ता तोडला, आणि वरिष्ठांच्या गोंधळात सेला सोडलं गेलं. जंगलातून पायी येणारी ती माणसं हंटर लढाऊ विमानाच्या वैमानिकाला दिसली असती, असं मला वाटत नाही.

तेव्हाचे हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल ब्राऊन यांनी २०१२ साली तुमच्यासारखंच मत मांडलं होतं, हे खरं. अधिकारी माणसाचं मत आहे, पण मतच आहे. पडताळायचंच तर १९६५ बघा. १ सप्टेंबरला जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हवाई हल्ल्याला झटपट परवानगी दिली आणि संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. आपली चार व्हँपायर विमानं पडली, काही मारा आपल्याच रणगाड्यांवर झाला. पाकिस्तानी मुसंडी मंदावली, असंही मानलं जातं. तेही मी नाकारत नाही. पण हे डोंगर संपतात तिथे, १९६२पासून धडे घेतल्यानंतर.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे. हवाई हल्ला केला तर चीन कोलकात्यावर बॉम्ब टाकेल ही तेव्हाची धास्ती फुगवलेली होती. तिबेटच्या उंचीवरच्या धावपट्ट्यांवरून जड बॉम्ब घेऊन उडणं अवघड, आणि १९६०मध्ये सोव्हिएत तंत्रज्ञ निघून गेल्यावर सुट्या भागांची मारामार. मग हा अंदाज बांधला कुणी, आणि हवाई दलाच्या मुख्यालयाला कितपत विचारलं? संशोधन करण्यासारखा प्रश्न हा आहे. १९६२च्या पराभवाची हेंडरसन ब्रुक्स-भगत चौकशी भूदलाच्या कारवाईपुरती होती, त्यामुळे तो अहवाल उद्या पूर्ण खुला झाला तरी याचं उत्तर तिथे मिळायचं नाही. आणि १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींकडे लढाऊ विमानांच्या १२ स्क्वाड्रन मागितल्या, स्वतःची विमानं धावपट्टीवर उभी असताना! याचा उलगडा मला अजून कुणी पटेल असा करून दिलेला नाही.

"हो की नाही ते सांगा" असं तुम्ही शेवटी म्हटलंय. नामका चूसाठी नाही. लडाखसाठी बरंचसं हो, कारण तिथे झाडं नाहीत आणि अक्साई चीनचा रस्ता उघडा आहे. सेलासाठी, तवांगचा रस्ता फोडून चिन्यांची तयारी दोन-तीन आठवडे जरी लांबली असती तर हो म्हणेन, कारण डिसेंबरात मागच्या खिंडी बर्फाने बंद व्हायला लागल्या असत्या आणि एवढ्या फौजेला तवांगच्या पुढे पोसणं त्यांना जड गेलं असतं.