अंगठेबहाद्दर

अन्यायाविरुद्ध घरबसल्या लढण्यात मेहनत नसते, असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या अंगठ्याला विचारावं. सकाळी फोन उघडावा तर अर्ध्या मित्रमंडळींचे डीपी काळेठिक्कर! कशाचा निषेध, हे विचारायची सोय नाही; विचारलं की आपण असंवेदनशील. म्हणून आधी डीपी बदलायचा आणि कारण चहा पिताना शोधायचं.

२ जून २०२० रोजी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ लाखो लोकांनी इन्स्टाग्रामवर असेच काळे चौकोन टाकले. ते 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या चळवळीच्याच हॅशटॅगखाली इतके साचले की निदर्शनं कुठे आहेत, मदत कुठे मिळेल ही कामाची माहिती त्यात दिसेना. पाठिंब्याच्या ढिगाऱ्याखाली चळवळ गाडण्याचा हा पराक्रम शत्रूलाही जमला नसता.

ऑनलाइन याचिकेचं दुखणं वेगळंच. नाव, ईमेल, पासवर्ड एवढं भरून झालं की 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणून सिग्नलची चित्रं येतात. तिकडे शोषित वर्ग ताटकळतोय आणि इकडे मी नुसता खांब म्हणजे सिग्नल धरायचा की नाही, या विवंचनेत. सही झाली रे झाली की 'आता थोडी देणगी?' हा प्रश्न. नेमकी त्याच वेळी माझी रेंज जाते.

मार्च २०१२ मध्ये युगांडाचा बंडखोर म्होरक्या जोसेफ कोनी याच्याविरुद्धचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिला गेला. मग २० एप्रिलच्या रात्री गावोगावी पोस्टर चिकटवायला बाहेर पडा, असं ठरलं. बहुतेक ठिकाणी तुरळक मंडळी उगवली. बाकीच्यांच्या जागी मी स्वतःला अगदी सहज बघू शकतो. खळ हाताला चिकटते हो!

२०१४ चं डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याचं आव्हानही मला असाच पोरखेळ वाटला होता. पण त्यातून एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी एकट्या अमेरिकन संघटनेकडे साडेअकरा कोटी डॉलर जमले आणि त्यातले बरेचसे संशोधनाच्या कामी आले. लोकांनी बादलीबरोबर पाकीटही उपडं केलं होतं. असली उदाहरणं फार त्रासदायक असतात. निवांत टिंगलही करू देत नाहीत.

परवा एका मित्राने मोर्चाचं निमंत्रण पाठवलं. खराखुरा मोर्चा, उन्हात, पायी. खाली दोन पर्याय होते, 'जाणार' आणि 'इच्छुक'. मी क्षणाचाही विलंब न लावता 'इच्छुक' दाबलं.