रॉकेलनं इंजिन धुवा म्हणे!

गुरुवारी रात्री मेव्हण्याचा मेसेज आला: ‘दाजी, रविवारी येतो. दोन लिटर रॉकेल मिळालंय.’ खाली तो फॉरवर्ड. ‘सर्व्हिसिंगच्या नावाखाली लूट! बाईकचं इंजिन घरीच करा, खर्च फक्त तीनशे.’ आमच्या गल्लीच्या ग्रुपवर हा तीनदा येऊन गेला, मी सोडून दिला. आता सासरच्या स्प्लेंडरवर बेतल्यावर कसा सोडू?

घरी काम करायला माझी ना नाही. माझ्या गाडीचं ऑईल मी दारातच बदलतो. पण या फॉरवर्डमधली पहिलीच पायरी बघा: ‘जुनं ऑईल काढा, अर्धा लिटर रॉकेल ओता, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा, सगळी घाण बाहेर.’

अरे, चालू इंजिनात ऑईलचं काम काय? पिस्टन, कॅमशाफ्ट, रॉकर अशा हलणाऱ्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर राहतो, म्हणून धातूवर धातू घासत नाही. रॉकेलला तो थर धरायची ताकद नाही. पाच मिनिटं म्हणजे हजारो फेरे, तेही कोरडे. बरं, घाण सुटलीच तर ती सगळी तेल काढायच्या खालच्या नटातून निमूट बाहेर येते का? सुटलेला गाळ तेल गाळायच्या जाळीत आणि तेलाच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. शिवाय रॉकेल पुरतं निघतही नाही. गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा. त्यात ऑईलचे दोन आकडे असतात, एक नेहमी बदलताना घालायचा आणि दुसरा इंजिन खोलल्यावरचा. दुसरा मोठा असतो, कारण नट काढला तरी थोडं तेल आत राहतंच. तसंच रॉकेलही राहणार आणि नवं ऑईल पातळ करणार.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. 2019 च्या महापुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कित्येक गाड्या पाण्यात होत्या. नट काढला की ऑईल दुधाच्या चहासारखं यायचं. तेव्हा मिस्त्री लोक साधं ऑईल घालून, थोडं चालवून, परत काढायचे, पाणी जाईपर्यंत. इंजिन आतून धुवायचा प्रकार आहे, पण तो ऑईलनं आणि पाणी शिरल्यावर. धडधाकट गाडीला नाही.

दुसरा मुद्दा, ‘कारचं ऑईल घाला, तेच असतं, स्वस्त पडतं.’ तेच नसतं. कारचा क्लच सहसा कोरडा. आपल्या बहुतेक गियरच्या बाईकचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला, गियरबॉक्सलाही तेच तेल. कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात आणि क्लच प्लेटचं तर सगळं पोट घर्षणावरच. पन्हाळ्याच्या चढाला इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी सरकेना, की समजा क्लच घसरतोय. यासाठी जपानमध्ये 1998 साली ‘जासो टी 903’ हे बाईकच्या ऑईलचं मानक आलं. डब्याच्या मागं ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ छापलेलं असतं, ते बघून घ्या. ‘एमबी’ असेल तर ते स्कूटरचं. एवढं वाचायला इंजिनिअर लागत नाही.

‘ऑईल काळं झालं की लगेच बदला.’ नाही. काजळी धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे, काळं होणारच. पुस्तकात किलोमीटर दिलेत, तेवढं बघा. ‘एअर फिल्टर पेट्रोलनं धुवा.’ कागदाचा फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. विषय संपला.

‘ड्रेन नट अंगातला सगळा जोर लावून आवळा’ हे मात्र मनाला लागलं, कारण हा पराक्रम मी केलाय. खालचं केसिंग अॅल्युमिनियमचं, नट लोखंडी. पाना अजून एकदा ओढला आणि हाताला एकदम लोण्यासारखं मऊ लागलं. आटे गेले. पोटातली ती कळ अजून आठवते. गाडी ढकलत उद्यमनगरात नेली. मिस्त्रीनं टॅप मारून मोठे आटे पाडले आणि म्हणाला, “भावा, जोर तालमीत काढायचा, नटावर न्हाई.” तेव्हापासून दर वेळी नवा वायसर घालतो, हातानं नट बसवतो आणि पान्यानं बेतानं आवळतो.

शेवटी ‘जुनं ऑईल कुंपणाला ओता, वाळवी मरते.’ केंद्राच्या 2016 च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलंय. जमिनीत मुरलं की विहिरीपर्यंत जायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. बंद कॅनमध्ये भरा आणि गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

शोरूमच्या बिलाबद्दल फॉरवर्डवाला रडतो, ते मात्र सगळंच खोटं नाही. साध्या ऑईल बदलाच्या बिलात न मागितलेली पॉलिश मीही बघितलीय. पण वॉरंटी चालू असेल तर ठरलेल्या सर्व्हिसिंग तिथंच करून घ्या.

मेव्हण्याला कळवलंय: “ये रविवारी. एमए2 चं ऑईल आणि नवा वायसर घेऊन ये. रॉकेल आणलंच आहेस तर चेन धुऊया, तिला चालतं.”