कॅमेऱ्यांची यादी नंतर, नियमपुस्तिका आधी

अमेरिकेतल्या छोट्या ख्रिस्ती कॉलेजात सिनेमा किंवा फोटोग्राफी शिकायला मुलाला पाठवायचं म्हटलं, की महाराष्ट्रात दोन ठरलेले सूर लागतात. एक म्हणतो, धर्मांतर करतील. दुसरा म्हणतो, विल्सन १८३२ पासून आहे, झेवियर्स १८६९ पासून. कुणाचं काय बिघडलं? डोळ्यांसमोर दोघांच्याही मुंबईचं मिशनरी कॉलेज असतं. गल्लत तिथेच होते.

भारतात राज्यघटनेच्या कलम २८(३) मुळे सरकारमान्य संस्थेला कुणावरही प्रार्थनेची सक्ती करता येत नाही. इथे अमेरिकेत धर्म आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कॉलेजला नाही. त्यामुळे चॅपलची, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनासभेची, हजेरी पदवीची अट असू शकते, दारूबंदी आवाराबाहेरही लागू होऊ शकते आणि शिव्या किंवा शय्यादृश्य असलेली पटकथा शूटिंगआधीच परत येऊ शकते. सगळीकडे सारखं नाही, हेही खरं. कॅलिफोर्नियातलं बायोला पदवीच्या विद्यार्थ्याकडून ख्रिस्ती श्रद्धेची कबुली मागतं. मिशिगनमधलं कॅल्विन कुठल्याही धर्माच्या मुलांना घेतं.

पुण्यात एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेतला विद्यार्थ्यांचा २०१५ चा संप १३९ दिवस चालला, तो अध्यक्ष कोण असावा यावरून. इथे तो वाद सहसा उद्भवत नाही, कारण कॉलेज कुणाचं हे प्रवेशाआधीच छापलेलं असतं. मला लिहिलेली बंधनं परवडतात. वाचून नाही म्हणता येतं. न वाचता सही करणाऱ्याने मात्र दुसऱ्या वर्षी अभिव्यक्तीस्वातंत्र्याची आठवण काढू नये.

आता शिक्षणाचं. वर्ग लहान असला तर कॅमेरा लवकर हातात पडतो, आणि खरी शाळा म्हणजे ते चॅपलच. दर आठवड्याला थेट प्रक्षेपण, तीन-चार कॅमेरे, त्यांतलं एक चित्र निवडणारा एक स्विचर, रीटेक नाही. नवशिक्यांची पहिली चूक आवाजात होते. सभागृहाच्या मिक्सरचं मुख्य आउटपुट तसंच प्रक्षेपणाला जोडलं, तर ड्रम जवळजवळ गायब होतात. सभागृहात ते मुळातच मोठे ऐकू येतात, म्हणून मिक्समध्ये कमी ठेवलेले असतात. उपाय म्हणजे ऑक्समधून, म्हणजे मिक्सरच्या जादा आउटपुटमधून, वेगळं मिक्स काढायचं आणि श्रोत्यांच्या बाजूला दोन माइक लावायचे. दुसरी चूक ओठ आणि आवाज जुळण्याची. स्विचरमध्ये चित्र दोन फ्रेम मागे पडलं, तर सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशेबात आवाजही सुमारे ६७ मिलिसेकंद मागे न्यावा लागतो.

शटरचंही तसंच. इथली वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून सेकंदाला २४ फ्रेम घेताना १/४८ सेकंदाच्या शटरवर काही दिवे चित्रात लुकलुकतात. १/६० वर थांबतात. भारतात ५० हर्ट्‌झ, तिथे १/५०. सुटीत घरी येऊन लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने हे आकडे बदलायला विसरू नये.

उणीव कथेत जाणवते. नटही विद्यार्थी, प्रेक्षकही तेच, शिकवणारे दोघे-तिघे. शेवटच्या दृश्यात सगळ्यांना क्षमा मिळते. वेगळं काही करायचं असेल तर माहितीपटाकडे वळावं, तिथे जग तरी बाहेरचं असतं.

आणि पैसे भरण्याआधी आय-२० वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवर, अभ्यासक्रमाचा कोणता सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) येणार ते विचारावं. ५०.०६०२, म्हणजे सिनेमॅटोग्राफी आणि चित्रपटनिर्मिती, असेल तर शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने. ०९.०७०२ हा डिजिटल माध्यमांचा किंवा १०.०३०४ हा अ‍ॅनिमेशनचा कोड असेल, तर तो स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, यादीत असल्याने आणखी २४ महिन्यांसाठी अर्ज करता येतो. अभ्यासक्रमाच्या नावात ‘डिजिटल’ दिसलं म्हणून कोड स्टेम यादीतलाच असेल, असं गृहीत धरू नये.