भाडं थकलेल्या कलावंतासाठी काही उत्साहवर्धक सूचना

घरमालकाचा फोन आला आणि तुम्ही तो उचलला नाही, म्हणजे तुमची सुरुवात योग्य झाली आहे. आता फोन उलटा ठेवा आणि सर्जनशील व्हा. भरल्या पोटी कला सुचत नाही, हे मराठी समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते तुम्हाला सांगणारी माणसं साधारणपणे जेवून उठल्यावर, विड्याला चुना लावता लावता सांगतात. त्यांच्या बोलण्यावर शंका घेऊ नका. त्यांना स्वतःला जन्मात काही सुचलेलं नाही, हाच पुरावा.

आधी आशा पाहू. आशावादी राहण्याचा सराव करायला मालिकेसारखी दुसरी जागा नाही. मालिकेत काम केलंत की पैसे 90 दिवसांनी, असा रिवाज आहे. गणपतीच्या भागात ढसाढसा रडल्याचे पैसे डिसेंबरात येतात, तोवर तुमचं पात्र घाटातल्या अपघातात गेलेलं असतं. अकाउंटवाल्यांना फोन करताना आवाज प्रसन्न ठेवा. ‘सहजच केला होता’ अशी सुरुवात करा. त्यांच्या आईचे गुडघे, पाऊस, टीआरपी एवढं झाल्यावर, ठेवता ठेवता, जमल्यास विचारा. ‘चॅनलकडून आलं नाही अजून’ असं उत्तर मिळेल. चॅनलला जाहिरातदाराकडून आलेलं नसतं. जाहिरातदाराला गिऱ्हाइकाकडून आलेलं नसतं. आणि गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखीच माणसं, ज्यांनी या महिन्यात शाम्पू घेतला नाही. मग आता बोला, चूक कुणाची?

दर मात्र कुणालाही सांगू नका. सोसायटीचा गणपती, पतसंस्थेचा वर्धापनदिन, कुणाच्या तरी वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन, अशी बोलावणी तुम्हाला येत राहतील. मांडववाला अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय टेम्पोतून बांबू उतरवत नाही. साउंडवाला निम्मे आधी घेतो. केटरर ताटावर दर लावतो आणि रात्री खरकटी ताटं मोजतो. राहता राहिलात तुम्ही. ‘तुम्ही काय, घरचेच!’ असं म्हणून अध्यक्ष तुमच्या खांद्यावर हात ठेवतील. हा हात हेच बजेट. तरीही पैशांचा विषय काढलात तर त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटेल ते बारकाईने पाहून ठेवा, एखाद्या भूमिकेत कामी येईल. शेवटी शाल मिळेल, नारळ मिळेल, आणि आयोजकांचं नाव ठळक व तुमचं चुकलेलं अशी ट्रॉफी मिळेल. शालीची घडी मोडू नका. ती तुम्हाला कुणाचा तरी सत्कार करताना लागणार आहे, आणि तुमच्याकडे येण्याआधीही तिने बरेच खांदे पाहिले आहेत.

व्यावसायिक नाटकात नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, मिळते, पण प्रयोग झाला तर. पाऊस, क्रिकेट, परीक्षा, निवडणूक, नाही तर मुख्य नटाचा घसा, काहीही आडवं आलं की प्रयोग रद्द आणि नाइटही रद्द. प्रायोगिक रंगभूमीवर ही चिंता नाही. तिथे तालमीच्या हॉलचं भाडं, चहा आणि रिक्षा तुम्हीच देता. समोर बसलेल्यांत निम्मे पासवाले असतात, उरलेले पुढच्या आठवड्यात स्वतःचं नाटक करणारे. त्यांच्या नाटकाला तुम्ही तिकीट काढून जायचं. दोनशेच्या त्याच त्या चार नोटा प्रायोगिक चळवळीत अशा वर्षानुवर्षं फिरत आहेत, म्हणून तर तिला चळवळ म्हणतात. लिहिणारे किंवा चित्र काढणारे असाल तर दिवाळी अंक आहेतच. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही थोर परंपरा. तुमचं चित्र मुखपृष्ठावर येतं आणि मानधन म्हणून काही संपादक तोच अंक पाठवतात. पोस्टाने, साधा टपाल.

एवढं करूनही कधी खचलात, तर दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण आठवा. सगळे आठवतात. भांडवल मिळेना तेव्हा 1912 मध्ये या गृहस्थांनी कुंडीत वाटाणा पेरला, तो उगवताना महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’ तयार केली. ती पाहून पैसेवाले पाघळले. तुम्हीही करून बघा. बँकेत जाताना मोड आलेला वाटाणा न्या. साहेब सिबिल स्कोअर विचारतील, तुम्ही डबा उघडा.

फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. हॉटेलात महिना 10 रुपयांवर कामाला होते, फाळक्यांनी 15 देऊन आणले. कलेत येऊन पगार वाढल्याची अशी उदाहरणं थोडी आहेत, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

मात्र हे उदाहरण देताना फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव फार पुढे येऊ देऊ नका. विम्यावर कर्ज काढून फाळके विलायतेला जाऊन आले. पुढे गहाण पडले ते बाईंचे दागिने. त्या वेळी कच्ची फिल्म बिनछिद्राची येई. अंधारात बसून तिला छिद्रं पाडायला बाई. रसायनं कालवायला बाई. उन्हात प्रकाश परतवण्यासाठी पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या, त्याही बाई. सगळ्या युनिटचा स्वयंपाकसुद्धा त्यांच्याकडेच. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला आणि भारतीय सिनेमाला जनक मिळाला. जननीची चौकशी कुणी केली नाही.

यावरून घ्यायची सूचना सोपी आहे. कंगालीत सर्जनशील राहायचं तर घरात नियमित पगार आणणारं, शक्यतो कमी बोलणारं एक माणूस हवं. बायको सहकारी बँकेत, बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत, नाही तर आईचं फॅमिली पेन्शन. असं माणूस नसेल तर कला सुरू करण्याआधी त्याची सोय बघा. गळा, रंग, शब्द हे नंतर येतात. पुढे मुलाखत देण्याची वेळ आली की या सगळ्याला ‘संघर्षाचा काळ’ म्हणा. ‘ताईने तीन वर्षं भाडं भरलं’ असं बोललात तर संघर्षाची सगळी गंमत जाते, शिवाय ताई ती मुलाखत वाचते आणि वहिनीही.

कलावंतही तुम्हीच आणि बाईही तुम्हीच, अशी पंचाईत असेल तर भाषणांत तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचा दाखला ठरलेला आहे. दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होत्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, हा किस्सा वक्ते डोळे पुसत सांगतात. बोर्डावर परत यावंच का लागलं, असं विचारून त्यांचा सूर बिघडवू नका. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार मिळाला. 2002 मध्ये त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भरलं. आता राज्य सरकार दरवर्षी तमाशा क्षेत्रातल्या एका कलावंताला त्यांच्या नावाने जीवनगौरव देतं.

गौरवाची घाई करू नये हे तुम्हाला एव्हाना समजलं असेल. गंधर्व नाटक मंडळीचं कर्ज डोक्यावर वागवलेले बालगंधर्व 15 जुलै 1967 ला गेले, आणि पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर 26 जून 1968 ला उघडलं. एक वर्षभर दम धरवला नाही. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहीत राहिले, 1969 मध्ये हलाखीत गेले. 2002 मध्ये पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं, चार रुपयांचं. लेखकाची किंमत सरकारने इतक्या स्पष्ट आकड्यात क्वचितच छापली असेल.

जिवंतपणी काही हवंच असेल तर ज्येष्ठ कलावंतांची मानधन योजना आहे. महिना 5 हजार. त्यासाठी वय 50 झालेलं हवं, कलेत किमान 15 वर्षं घालवलेली हवीत, आणि वर्षाचं उत्पन्न 60 हजारांच्या आत हवं. पाच हजार गुणिले बारा किती, ते तुमचं तुम्ही करा. मी गणित सोडून कलेकडे वळलो तो काही उगीच नाही. तेव्हा उमेदीच्या वर्षांत हावरटपणे कमवू नका, तलाठ्यासमोर अडचण होईल. पंधरा वर्षांचा पुरावा म्हणून जुन्या निमंत्रणपत्रिका, कात्रणं आणि त्या ट्रॉफ्यांचे फोटो जोडा. नाव चुकलेलं असेल तर प्रतिज्ञापत्रही जोडा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, पासबुकाची झेरॉक्स हे तर लागतंच. मंजूर झालंच तर मग दरवर्षी हयातीचा दाखला. एवढा कागद मात्र वेळेवर देत चला. चौकाला, सभागृहाला किंवा पुरस्काराला नाव देताना तो कुणी मागत नाही.