केबल बसली म्हणजे पोर्ट कळला असं नाही

आयटी सपोर्टच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला सतत फिरत असतो. थोडक्यात असा: रॅकमध्ये अनोळखी पोर्ट दिसला तर डोकं खाजवत बसू नका. आरजे-४५ (नेटवर्क केबलच्या टोकाचा आठ पिनी प्लग) बसला की तो लॅनचा पोर्ट. शंका असेल तर केबल लावून बघा. दिवा लागला तर चालू, नाही लागला तर पोर्ट मेलेला. चुकीच्या जागी लावली तरी काही बिघडत नाही. रिकामी चौकोनी खाच फायबरची. आणि निळा रंग म्हणजे कन्सोल, उपकरणाला थेट केबल लावून सेटिंग करायचा पोर्ट. लक्षात ठेवायला सोपं आहे, म्हणून नवी मुलं ते पाठ करतात.

"आरजे-४५ बसला की लॅन." सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आठ पिनांचं हे सॉकेट कितीतरी कामांना वापरतात. सिस्कोच्या बहुतेक स्विचवर (ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडणारा डबा) कन्सोल पोर्ट हुबेहूब असाच दिसतो, पण आत इथरनेट (लॅनची नेहमीची जोडणी) नसून आरएस-२३२ ही जुनी सिरियल जोडणी असते. त्याला फिकट निळी, चपटी रोलओव्हर केबल लागते, जिच्या एका टोकाची पहिली पिन दुसऱ्या टोकाच्या आठव्या पिनेला जाते. लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग सहसा ९६०० बिट प्रति सेकंद ठेवायचा. तिथे साधी पॅच कॉर्ड (नेहमीची नेटवर्क केबल) खुपसून आयपीची, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याची, वाट बघणारा संध्याकाळपर्यंत बघत बसेल. मॅनेजमेंट पोर्ट त्याहून फसवा. तो खरोखरच इथरनेट असतो, दिवाही लागतो. पण तो फक्त स्विचचं व्यवस्थापन करण्यासाठी असतो, त्यातून बाकीच्या पोर्टांकडे ट्रॅफिक जात नाही. मग "केबल बदलली, लॅपटॉपही बदलला, तरी नेट नाही" अशी तिकिटं येतात.

ज्या ऑफिसात ईपीएबीएक्सला (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) पीआरआय लाइन, म्हणजे एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन आहे, तिथे गेटवेवर (ती लाइन जोडायच्या डब्यावर) तिच्यासाठी ई-१ चा पोर्ट सापडेल. पुन्हा तेच सॉकेट. वेग २.०४८ एमबीपीएस, त्यात बोलण्याचे ३० चॅनल. याच्या जोड्या १-२ आणि ४-५ या पिनांवर येतात, १०० एमबीपीएस इथरनेटच्या १-२ आणि ३-६ वर. म्हणजे केबल मस्त बसते आणि काम शून्य. यूपीएसच्या मागेही असंच एक भोक असतं: एपीसी कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांचा डेटा पोर्ट दहा पिनांचा आहे, पण टॉर्च मारून पिना मोजल्याशिवाय ते कळत नाही.

"चुकलं तरी काही बिघडत नाही." बिघडतं. एपीसीच्या जुन्या स्मार्ट-यूपीएसच्या नऊ पिनी पोर्टची पिनरचना वेगळी आहे. बाजारातली साधी सिरियल केबल लावली तर यूपीएस बंद पडू शकतो, आणि त्याच्यावर चालणारा सर्व्हरही. एकाच केबलची दोन्ही टोकं एका साध्या, अनमॅनेज्ड स्विचमध्ये गेली तर लूप होऊन (तोच डेटा गोल गोल फिरत राहून) अख्खा मजला ठप्प होतो. घरचा वायफाय राउटर लॅन पोर्टातून जोडला तर तो आपल्या मनाने आयपी वाटत सुटतो. आणि टेलिफोनची लाइन: ४८ व्होल्ट डीसी, घंटी वाजताना त्यावर ७५ च्या आसपास व्होल्ट एसी. ती नेटवर्क पोर्टात घालून बघायची गोष्ट नाही.

पीओईबद्दल, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याच्या सोयीबद्दल, मात्र उगाच भीती आहे. प्रमाणित पीओई, म्हणजे २००३ चं ८०२.३एएफ आणि त्यापुढची, आधी पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का ते तपासते आणि मगच वीज सोडते, त्यामुळे लॅपटॉप जळत नाही. काही वायरलेस उपकरणांसोबत येणारे २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये थेट वीज सोडणारे अडॅप्टर) असं काहीच विचारत नाहीत. सांभाळायचं ते त्यांच्यापासून.

दिव्याचं म्हणाल तर, मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर पोर्ट कुणीतरी मुद्दाम शटडाउन केलेला असू शकतो, किंवा अनोळखी उपकरण अडवणाऱ्या पोर्ट सिक्युरिटीने बंद पाडलेला. शिवाय स्पॅनिंग ट्री (लूप रोखणारी सोय) चालू असेल तर सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर केबल लावल्यावर सुमारे ३० सेकंद दिवा नारिंगी राहतो. तेवढा धीर न धरता पोर्टला मृत घोषित करणारे भरपूर आहेत.

चौकोनी खाच म्हणजे फायबर, हे अर्धंच खरं. ती एसएफपीची, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या छोट्या मॉड्यूलची खाच. तिच्यात फायबरचं मॉड्यूल बसतं तसंच तांब्याच्या केबलचंही. १ जी आणि १० जी (१ आणि १० गिगाबिट वेग) च्या खाचा दिसायला सारख्याच.

रंग? फिकट निळा कन्सोल, पिवळा इथरनेट ही सिस्कोची जुनी पद्धत. दुसऱ्या कंपनीवर ते बंधन नाही.

मग ओळखायचं कसं? पोर्टाशेजारची बारीक अक्षरं वाचा: कन्सोल, ऑक्स (मोडेम जोडायचा जादा सिरियल पोर्ट), मॅनेजमेंट, असं काही ना काही छापलेलं असतं. नसेल तर मागच्या किंवा खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घ्या आणि त्याच मॉडेलचं हार्डवेअर गाइड उघडा. पुढच्या-मागच्या पॅनेलची आकृती त्यात असते. सिस्कोच्या स्विचमध्ये लॉगिन असेल तर 'शो इंटरफेसेस स्टेटस' ही कमांड लावा. कन्सोल त्या यादीत येत नाही, तो 'शो लाइन' मध्ये दिसतो. आणि पोर्टात आधीच केबल असेल तर ती उपसून कोण बोंबलतं ते बघू नका. एलएलडीपीची (जोडलेली उपकरणं एकमेकांना आपली ओळख सांगतात ती सोय) शेजाऱ्यांची यादी आणि मॅक अ‍ॅड्रेस टेबल (कुठल्या पोर्टावर कुठलं उपकरण, याची स्विचकडची नोंद) आधी तपासा. पलीकडे काय आहे ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.