"तुझ्यात कुवतच नाही" म्हणणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. भाच्याचा सीए फायनलचा निकाल लागला, राहिला. पोरगा मान खाली घालून बसलेला आणि घरातले एक वडीलधारे सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, कुवत असावी लागते. आता झेपेल ते कर." एवढं बोलून पुन्हा टीव्हीकडे वळले! पोराचा चेहरा बघवत नव्हता.

माझी ताई हीच परीक्षा देत होती, तेव्हाची गोष्ट. प्रत्येक पेपरात 40 च्या वर मार्क, पण ग्रुपचे, म्हणजे पेपरांच्या गटाचे, एकूण 50 टक्के भरले नाहीत, म्हणून नापास. दोन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही. मग मार्कांचा कागद टेबलासमोर चिकटवला आणि पेन्सिलीने एकेका पेपरापुढे लिहिलं. ऑडिट: येत होतं, लिहायला वेळ पुरला नाही. टॅक्स: कायद्यातल्या नव्या दुरुस्त्या वाचल्याच नव्हत्या. "मी ढ आहे" असं कुठेही लिहिलं नव्हतं.

मला विचाराल तर सकारात्मकता ती हीच. मार्टिन सेलिग्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच मांडलं. निराश माणूस अपयश कायमचं आणि सगळीकडचं समजतो, आशावादी माणूस ते तेवढ्यापुरतं समजतो. ताईने त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. पण "वेळ पुरला नाही" याच्यावर उपाय असतो, घड्याळ लावून पेपर सोडवता येतात. "कुवत नाही" याच्यावर काय करायचं, सांगा ना!

मुरलीकांत पेटकरांचंच बघा. लष्करात बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, शरीर अधू झालं, बॉक्सिंग संपलं. माणूस पोहायला लागला आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आला, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. बॉक्सिंग गेलं म्हणून सगळंच गेलं, असं त्यांनी मानलं असतं तर?

हो, मान्य आहे, नुसत्या वृत्तीने पोट भरत नाही. पैसा लागतो, वेळ लागतो, नशीबही लागतं. ताईला घरून पाठबळ होतं, सगळ्यांना नसतं. आणि सकाळ झाली की फुलांच्या फोटोवर "सकारात्मक रहा" लिहून पाठवणाऱ्यांचाही मला तितकाच वैताग आहे. पडलेल्या माणसाला आधी रडू तरी द्या.

ताईही रडलीच होती की. पुढच्या वेळीही एक ग्रुप अडकला, तेव्हा त्याच कागदाशेजारी दुसरा कागद लागला. त्यावरच्या चुका वेगळ्या होत्या. जुन्यांपैकी एकही नव्हती. हे तिने मला बोट ठेवून दाखवलं होतं, आणि तेव्हा तिच्या आवाजात जे होतं ना, ते पास झाल्यावरच्या आनंदापेक्षा मला जास्त आठवतं.

आता जरा शांत झालेय. ते वडीलधारेही वाईट नाहीत, त्यांना कुणी कधी वेगळं सांगितलंच नसेल. पण पोराच्या कानावर आज तेवढंच एक वाक्य पडायला नको. म्हणून एक मागणं आहे. तुमच्यापैकी ज्यांनी फायनल दोन-चार अटेम्प्टमध्ये काढली, त्यांनी खाली लिहा, कुठे अडलात आणि पुढच्या वेळी नेमकं काय बदललंत. ऑडिटच्या पेपराला वेळ कसा पुरवलात, तेही सांगा. रात्री त्याला वाचून दाखवणार आहे.